साहाय्यक कोणाची? रोहिणी हट्टंगडी यांचे पुरस्कार आणि ओळख

रोहिणी हट्टंगडी यांना मिळालेले मोठे पुरस्कार मोजायला बसलं तर एका हाताची बोटं पुरतात. १९७४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून बाहेर पडताना उत्तम अभिनेत्रीचं पारितोषिक. १९८३ मध्ये ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार. १९८४ मध्ये ‘अर्थ’साठी फिल्मफेअर. त्यानंतर ‘पार्टी’साठी राष्ट्रीय पुरस्कार, तोही १९८४ याच वर्षाचा. आणि पुढे वीस वर्षांनी, २००४ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, रंगभूमीवरच्या अभिनयासाठी. बाकी मानसन्मान पुष्कळ आहेत; पण आज आम्हाला त्यांची जंत्री वाचायची नाही. जंत्री तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.

आम्हाला या यादीतल्या एकाच शब्दाविषयी बोलायचं आहे. मधले तीनही पुरस्कार, म्हणजे ज्यांनी हे नाव देशभर आणि देशाबाहेर नेलं ते, ‘साहाय्यक अभिनेत्री’चे आहेत. साहाय्यक. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, नाट्यसमीक्षा हा आमचा पेशा नव्हे. पण एखादा शब्द सगळे जण बिनतक्रार वापरायला लागले की तो उचलून उजेडात धरावा, ही आमच्या विषयाची खोडच आहे. तेव्हा प्रश्न साधा आहे. साहाय्यक कोणाची? कोणाला साहाय्य? आणि असं ठरवलं कोणी?

मराठीत ‘ओळख’ हा फार कामाचा शब्द आहे. स्टेशनवर गर्दीत कोणी दिसलं आणि आपण म्हणालो ‘ओळखलं मी’, तीही ओळख. आणि ‘तिच्या कामाला ओळख मिळाली’ म्हणतो तीही ओळखच. आपल्या दर्शनांत याला जवळचा शब्द आहे, प्रत्यभिज्ञा. पूर्वी एका गावात पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावात समोर येतो, आणि मनात उमटतं की हा तोच देवदत्त. यात दोन गोष्टी जुळाव्या लागतात. डोळ्यांसमोरचं प्रत्यक्ष हवं आणि जुन्या अनुभवाचा संस्कारही हवा. नुसतं प्रत्यक्ष असेल तर ‘कोणीतरी माणूस आहे’ इतकंच कळतं. नुसता संस्कार असेल तर ती आठवण. दोन्ही एकत्र आले तर ओळख पटते.

आता पुरस्कारांकडे या नजरेने बघा. चित्रपटाच्या परीक्षकांपुढे एका वर्षाचे चित्रपट असतात. त्यांना प्रत्यक्ष आहे, संस्कार नाही. या बाईंनी दहा वर्षं रंगमंचावर काय केलं हे त्यांच्यापैकी किती जणांनी पाहिलेलं असतं? उलट जीवनगौरव देणाऱ्यांकडे बहुतेक वेळा नुसती आठवण असते. समोरचं काम बघायचं राहूनच जातं. शाल, श्रीफळ, मानपत्र, आणि मानपत्रात ‘आपण रंगभूमीची सेवा केलीत’ हे वाक्य. ते वाक्य कोणालाही लागू पडतं. म्हणजे पुरस्कार पुष्कळ आणि प्रत्यभिज्ञा थोडी, अशी अवस्था आहे. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रात म्हटलेलं आहे की मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो, म्हणून तो जीवनाचं अंतिम ध्येय होऊ शकत नाही. बरोबर आहे. पण म्हणूनच मानाची चिकित्सा करायची झाली तर ती देणाऱ्याची करावी लागते. घेणाऱ्या बाईंची नव्हे.

‘साहाय्यक’ हा विभाग काही निसर्गात सापडलेला नाही. अमेरिकेत ऑस्कर सुरू झाले तेव्हा तो नव्हता. १९३६ च्या चित्रपटांपासून आला, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं साहाय्यक नटनट्यांना पूर्ण मूर्ती देत नसत, फलक देत. मुख्य नटाला मूर्ती, साहाय्यकाला फलक. ही पायरी त्यांनी पुढे काढून टाकली, पण विभाग ठेवला. आपल्याकडे फिल्मफेअर १९५४ ला सुरू झालं आणि दुसऱ्याच वर्षी हा विभाग आला. पहिल्या मानकरी कोण? उषा किरण, ‘बादबान’साठी. मग पुढे बघा. ‘अनाडी’साठी ललिता पवार. ‘आरती’ आणि ‘गुमराह’, लागोपाठ दोन वर्षं, शशिकला; सोलापूरची मुलगी. ‘बिदाई’साठी दुर्गा खोटे. ‘अर्थ’साठी रोहिणी हट्टंगडी. या यादीत मराठी बायका किती आहेत हे मोजून आम्ही जरा चकित झालो.

लगेच कोणी म्हणेल, हा मराठी माणसावरचा अन्याय. असं आम्ही म्हणत नाही. नूतन यांना पाच वेळा मुख्य अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालेलं आहे. स्मिता पाटील यांना ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, ते मुख्य भूमिकांचेच. तेव्हा ती ओरड नको. आमचा मुद्दा वेगळा आहे. नाटकाच्या तालमीत घडलेली नटी सिनेमात गेली की तिच्याकडून एका विशिष्ट कामाची अपेक्षा होते. दृश्य सावरण्याची. समोरचा नायक उंच वाटावा म्हणून जमीन घट्ट ठेवण्याची. ते काम येणाऱ्या बायका मराठी रंगभूमीकडे भरपूर होत्या, आणि सिनेमाने त्या नेमक्या त्याच कामासाठी नेल्या. मग त्या कामाला नाव ठेवलं साहाय्यक.

वैजयंतीमाला यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. ‘देवदास’मधल्या चंद्रमुखीसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर जाहीर झालं, आणि त्यांनी ते घेतलं नाही. म्हणाल्या, माझी भूमिका पारोच्या बरोबरीची आहे. त्यांचं धाडस मोठं. पण तर्क बघा हं. त्या म्हणतात, मी साहाय्यक नाही, कारण माझी भूमिका मोठी आहे. म्हणजे भूमिका लहान असती तर साहाय्यक म्हणायला त्यांची हरकत नव्हती. विभाग त्यांनी मान्यच केला, फक्त स्वतःची जागा बदलून मागितली. आम्हाला विभागच तपासायचा आहे, आणि त्यासाठी कस्तुरबांइतकं चांगलं उदाहरण नाही.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’चं चित्रीकरण १९८० च्या अखेरीस सुरू झालं. रोहिणीताई तेव्हा तिशीच्या आसपास. त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण कस्तुरबांपासून आगाखान पॅलेसमधल्या मृत्यूपर्यंत जायचं होतं. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ ला, वयाच्या पंचाहत्तरीच्या आत. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांचा प्रवास, आणि पडद्यावर मिळणारी मिनिटं मोजकी. अशा वेळी कमी अनुभवाची नटी रंगभूषेवर विसंबते. रोहिणीताई चालण्यावर आणि बसण्यावर विसंबल्या. त्या जमिनीवर कशा बसतात ते बघा. प्रत्येक दहा वर्षांनी त्यांचं बसणं बदलतं. काबुकी आणि यक्षगान या शैलींत विद्यालयात असताना काम केलेल्या नटीला देहाची ही मोजदाद अंगवळणी पडलेली असते.

त्या चित्रपटात संडास साफ करण्यावरून नवराबायकोचं भांडण होतं. गांधी तिला दाराबाहेर ढकलायला निघतात. आणि मग त्या माणसाला स्वतःची लाज वाटते, तेव्हा तीच त्याला सांगते की तू शेवटी माणूसच आहेस. हा प्रसंग आम्ही नीतिशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं वापरला. तत्त्वासाठी माणसावर जबरदस्ती करावी का, हा प्रश्न पुस्तकातून समजावायला दोन तास लागतात. इथे तीन मिनिटांत मुलांच्या ध्यानात येतं. आता सांगा, या प्रसंगात साहाय्य कोण कोणाला करतंय? महात्मा तिथे चुकलेला आहे आणि नैतिक जमीन तिच्या पायाखाली आहे. बेन किंग्जली तिथे हरतात, पात्र म्हणून. आणि ते हरणं खरं वाटतं ते समोरच्या चेहऱ्यामुळे.

बाफ्टाने तिला साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला, आणि तोही विभागून. ‘रेड्स’मधल्या मॉरीन स्टेपल्टन आणि रोहिणी हट्टंगडी यांना मतं समान पडली. ऑस्करला ‘गांधी’ची अकरा नामांकनं झाली आणि आठ पुरस्कार मिळाले, पण कस्तुरबांचं नामांकन त्यांत नव्हतं. त्या आठांत एक भानू अथैया यांचा होता, वेशभूषेचा. कोल्हापूरच्या या बाई ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्यांनी २०१२ मध्ये ती मूर्ती अकादमीकडे परत पाठवली, आपल्यामागे ती नीट सांभाळली जाणार नाही म्हणून. पुरस्काराचं वजन घरात पेलवत नाही याची याहून स्पष्ट कबुली आम्हाला माहीत नाही. असो, हे विषयांतर झालं.

मूळ मुद्दा असा. पुढे रामदास भटकळ यांनी ‘जगदंबा’ हे नाटक लिहिलं. कस्तुरबांवरचं, एकपात्री. ते रंगमंचावर केलं रोहिणीताईंनीच. म्हणजे नटी तीच आणि व्यक्तिरेखाही तीच. फक्त मंचावर दुसरं कोणी नाही. गांधी आहेत ते तिच्या बोलण्यात. आता इथे कस्तुरबा साहाय्यक कशी ठरणार? साहाय्य करायला समोर माणूसच नाही. तर्काच्या भाषेत सांगायचं तर इथे अन्वय-व्यतिरेक जमतो. नटी कायम, व्यक्ती कायम, चौकट बदलली आणि ‘साहाय्यक’पण गळून पडलं. याचा अर्थ ते कस्तुरबांत नव्हतं, रोहिणीताईंतही नव्हतं. ते चौकटीत होतं. चित्रपटाचं नाव ‘गांधी’ असं ठेवलं त्या क्षणी ते जन्मलं. ॲटनबरोंचा यात दोष नाही, त्यांना गांधींवरच चित्रपट करायचा होता. पण चौकटीचा गुण आपण अभिनयाला चिकटवतो आणि पुरस्काराच्या पाटीवर कोरतो, हा मात्र आपला दोष आहे.

‘अर्थ’विषयी थोडक्यात. महेश भट्ट यांच्या या चित्रपटात रोहिणीताई घरकाम करणाऱ्या बाई आहेत. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी पैसे साठवतात, दारुडा नवरा ते पैसे उडवतो, आणि त्या त्याला मारून टाकतात. पूजाला, म्हणजे शबाना आझमींच्या नायिकेला, नवऱ्याशिवाय जगता येईल का हा प्रश्न पडलेला आहे. या बाईने तो प्रश्न न विचारता निकालात काढलेला आहे. कथेचा नैतिक काटा पूजाकडे नाही, हिच्याकडे आहे. गंमत म्हणजे त्या वर्षी फिल्मफेअरच्या याच विभागात ‘अर्थ’साठी स्मिता पाटील यांचंही नामांकन होतं. एका चित्रपटात तीन बायका, तिघींची दुःखं निरनिराळी, आणि पुरस्काराच्या हिशेबात एक मुख्य आणि दोन साहाय्यक.

‘पार्टी’कडे मात्र आम्हाला सावकाश यायचं आहे, कारण तो चित्रपटच पुरस्काराविषयी आहे. महेश एलकुंचवारांचं मराठी नाटक, गोविंद निहलानी यांचा हिंदी चित्रपट. दमयंती राणे, म्हणजे विजया मेहता, आपल्या घरी मेजवानी देतात. निमित्त काय, तर दिवाकर बर्वे या नाटककाराला मोठा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. सगळं साहित्यिक शहर जमलेलं. बोलणी चालली आहेत कलेची, बांधिलकीची, आणि न आलेल्या अमृत नावाच्या कवीची, जो आदिवासींमध्ये जाऊन राहिला. रात्र चढते तसा एकेकाचा मुखवटा सैल होतो. बर्व्यांना स्वतःलाच कळून चुकतं की हा मान आपल्याला का मिळाला, आणि काय गमावल्यावर मिळाला.

या मेजवानीत त्यांची मोहिनी आहे. एके काळची नटी. आता पिते. ही भूमिका रोहिणीताईंची. दारू प्यालेली व्यक्ती करताना नट सहसा जीभ जड करतात आणि तोल घालवतात. रोहिणीताईंची मोहिनी उलट सारखा तोल सावरते. आपण ठीक आहोत हे दाखवायची तिची धडपड असते, आणि त्या धडपडीतून कळतं की ही नटी होती. अजून नटतेच आहे, फक्त प्रेक्षक उरलेला नाही. एकीकडे नवऱ्याच्या सत्काराला लोक जमलेत, आणि त्याच खोलीत एक कलावंत बाई हिशेबातून वजा झालेली आहे. तिच्या गुणांना कोणी वाईट म्हटलेलं नाही, कोणी विरोध केलेला नाही. तिची कोणाला आठवणच राहिलेली नाही. हेगेलने मान्यतेच्या झगड्याविषयी जे लिहिलं त्यात निदान दोन पक्ष एकमेकांशी झुंजतात. मोहिनीशी झुंजायला कोणी आलंच नाही.

आणि बघा, याच भूमिकेसाठी सरकारने राष्ट्रीय पुरस्कार दिला. त्या वर्षी साहाय्यक अभिनेत्रीचा विभाग राष्ट्रीय पुरस्कारांत पहिल्यांदाच आला. त्याआधी अभिनयाचे पुरस्कार होते ते मुख्य भूमिकांचे, १९६७ च्या चित्रपटांपासून. म्हणजे रोहिणी हट्टंगडी या विभागाच्या देशातल्या पहिल्या मानकरी. दुसऱ्या कोण? पुढच्याच वर्षी, ‘रावसाहेब’साठी, विजया मेहता. ‘पार्टी’तली यजमानीण! पाहुण्यांच्या गर्दीत हरवलेल्या बाईला रजत कमळ मिळालं आणि मग मेजवानी देणारीलाही मिळालं. एलकुंचवारांनी हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की लेखक जरा जास्तच योगायोग जुळवतो.

आमचं मत विचाराल तर ‘पार्टी’चा पुरस्कार हा त्या तिघांतला सगळ्यात अचूक. कारण इथे ‘साहाय्यक’ हा शब्द भूमिकेचा विषयच आहे. मोहिनीचं अख्खं आयुष्य दुसऱ्याच्या नाटकातली साहाय्यक म्हणून गेलेलं आहे, आणि नटी ते होणं किती महाग पडतं हे दाखवते आहे. तिथे तो शब्द बसतो. कस्तुरबांना तो चुकीचा बसला होता.

याचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पुरस्कार ओळख देतो तसा साचाही देतो. १९८४ चाच ‘सारांश’ घ्या. शिवाजी पार्कातले निवृत्त मुख्याध्यापक प्रधान आणि त्यांची बायको पार्वती, ज्यांचा मुलगा न्यूयॉर्कला मारला गेलेला आहे. अनुपम खेर तेव्हा तिशीच्या आतले. एवढ्या तरुण नटाने म्हातारा उभा केला म्हणून कौतुक झालं, आणि उत्तम अभिनेत्याचं फिल्मफेअर त्यांना मिळालं. योग्यच झालं. पण शेजारी उभी असलेली म्हातारीही तिशीतलीच होती की! तिच्या वयाचं आश्चर्य कोणाला वाटलं नाही. तरुण पुरुष वृद्ध झाला की तो पराक्रम ठरतो. तरुण बाई वृद्ध झाली की लोक म्हणतात, हिला आईच्या भूमिका शोभतात. आणि तसंच झालं. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई आहेत, वयाने त्यांच्याहून लहान असून. त्या भूमिकेसाठी बच्चन यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘गांधी’ने एका नटीची क्षमता जगाला दाखवली, आणि बाजाराने ती क्षमता बघून तिला पुढची कित्येक वर्षं एकाच खुर्चीवर बसवलं.

दिव्याच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. आपलं स्टेशन जंक्शन. वसईची वाट इथून, पनवेलची इथून, कोकणात जाणारी गाडीही इथून. आणि जलद लोकल? ती धडधडत निघून जायची. तिला इथे थांबा मिळाला २०१६ च्या अखेरीस. जंक्शन असणं एक आणि थांबा असणं दुसरं. सगळ्यांच्या वाटा जिथे फुटतात त्या ठिकाणालाच मध्यम दर्जा, हा अनुभव आपल्या अंगाचा आहे.

आता रंगभूमीकडे वळू, कारण तिथे चित्र निराळं आहे. तुमच्यापैकी काही जण राज्य नाट्य स्पर्धेत उतरलेले असाल. हौशी स्पर्धेत अभिनयासाठी रौप्यपदक असतं, आणि अभिनय गुणवत्ता प्रमाणपत्रं असतात. स्त्री आणि पुरुष असा भेद आहे. पण मुख्य आणि साहाय्यक? तो भेद तिथे नाही. दोन प्रवेशांत येणारी मोलकरीण रौप्यपदक नेऊ शकते आणि तीन अंक मंचावर असलेली नायिका रिकाम्या हाताने घरी जाऊ शकते. गावोगावच्या हौशी मंडळींच्या स्पर्धेने जे शहाणपण दाखवलं ते बाफ्टाला आणि फिल्मफेअरला दाखवता आलेलं नाही. आम्ही हे उगाच फुगवून सांगत नाही, नियमातच आहे.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही कोणा एका भूमिकेचा नाही. तो एकूण कामाचा आहे, तिथेही साहाय्यक हा शब्द नाही. म्हणून या यादीत तो आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाफ्टापेक्षाही. पण त्यात एक तत्त्वज्ञानाची अडचण आहे, ती सांगतो.

सिनेमाचा पुरस्कार बरोबर होता की चूक, हे आपण आज रात्री घरी बसून तपासू शकतो. ‘पार्टी’ लावायचा आणि बघायचा. प्रत्यक्ष प्रमाण उपलब्ध आहे. नाटकाचं काय? ‘चांगुणा’ हे लोर्काच्या ‘येर्मा’वरून केलेलं नाटक, जयदेव हट्टंगडींच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी केलेला ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोग, ‘मीडिया’. हे प्रयोग झाले आणि विरून गेले. मूल होत नाही म्हणून आतून तुटत जाणारी चांगुणा रोहिणीताईंनी कशी उभी केली, हे आज ज्याला बघायचं आहे त्याने काय करावं? त्याला विचारावं लागेल. ज्यांनी पाहिलं त्यांना. म्हणजे नाटकाच्या बाबतीत आपल्या हाती उरतं ते शब्दप्रमाण, आप्तवचन. नैयायिक आप्ताची अट घालतात: ज्याला ती गोष्ट जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो, तो आप्त. नाटकाचा पुरस्कार म्हणजे जाणकारांनी दिलेली साक्ष आहे. ‘आम्ही पाहिलं, ते खरं होतं’ अशी. ती साक्ष वेळेवर दिली नाही तर साक्षीदारच उरत नाहीत.

म्हणूनच २००४ हे साल आम्हाला खटकतं. विद्यालयातून बाहेर पडल्यावर तीस वर्षांनी. अकादमीने त्यांना ओळखलं याचा आनंद आहे, आणि आमच्या व्याख्येप्रमाणे ती खरी प्रत्यभिज्ञाही होती, कारण त्या तेव्हाही काम करत होत्या. प्रत्यक्ष आणि संस्कार दोन्ही होते. पण ‘चांगुणा’ पाहिलेले किती डोळे तोवर मिटले असतील? आम्ही इथे परीक्षकांना नावं ठेवत नाही. वार्षिक पुरस्कार मोजके, भाषा अनेक, रांग लांब. पण रांगेतल्या माणसाचा माल नाशवंत आहे, हे त्या रांगेला कळत नाही.

आणखी एक ओळख आहे, जिला पाटी नाही. २००१ ते २०१३ या काळात ईटीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ चालू होती. तीन हजारांहून अधिक भाग. आपल्या दिव्यात, मुंब्र्यात, डोंबिवलीत संध्याकाळची पोळी लाटता लाटता ज्या बायकांनी ती बघितली, त्यांनी बाफ्टाचं नाव ऐकलेलं असेलच असं नाही. विद्वान मंडळी मालिकेला नाक मुरडतात. आम्हीही त्या मालिकेची कथा थोर होती असं म्हणणार नाही. पाणी घातलेली होती. पण पाणचट कथेत तीन हजार भाग एक माणूस म्हणून उभं राहणं हे अभिनयाचं काम आहे की नाही? रोज थोडं, कंटाळा न दाखवता. त्याला विभाग कोणता द्याल? आणि २०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’मध्ये तर सहा बहिणी आहेत, रोहिणीताई थोरल्या. बायका जथ्याने थिएटरात गेल्या. सहांतली मुख्य कोण, हे विचारत कोणी तिकीट काढलं नाही.

काही चिठ्ठ्या आलेल्या आहेत. वेळ थोडा आहे, दोनच घेतो.

पहिली चिठ्ठी: ‘मग पुरस्कार बंद करावेत का?’ नाही, मुळीच नाही. कल्याणच्या किंवा बदलापूरच्या एखाद्या मुलीला स्पर्धेत रौप्यपदक मिळतं, तेव्हा तिच्या घरची तालमीला जायची परवानगी एका वर्षाने वाढते. हे आम्ही विद्यार्थिनींच्या बाबतीत पाहिलेलं आहे. पुरुष नटाला पदक हा मान असतो. मुलीला तो पुष्कळदा परवाना असतो. तो काढून घ्यायचा अधिकार आम्हाला नाही. आमचं म्हणणं विभागांपुरतं आहे. अभिनयाला पुरस्कार द्या, लांबीला देऊ नका. वर्षात चांगली कामं चार असतील तर चार द्या. बाफ्टाला मतं समान पडली तेव्हा दोघींना दिला, आकाश कोसळलं नाही.

दुसरी चिठ्ठी जरा टोचणारी आहे. ‘रोहिणीताईंना निदान मिळाले तरी. रीमा लागूंना काय मिळालं?’ प्रश्न रास्त आहे. ‘मैंने प्यार किया’, ‘आशिकी’, ‘हम आपके हैं कौन’, ‘वास्तव’; चार वेळा फिल्मफेअरचं नामांकन, आणि एकदाही पुरस्कार नाही. चारही वेळा विभाग साहाय्यक अभिनेत्रीचा, चारही वेळा भूमिका आईची. मराठी रंगभूमीवर ज्यांनी ‘पुरुष’मध्ये काम केलं, त्यांना हिंदीने एकच नातं दिलं. ‘वास्तव’मध्ये त्या संजय दत्त यांच्या आई आहेत, दोघांच्या वयात अंतर एखाद्या वर्षाचं. आणि त्या चित्रपटाच्या शेवटी पिस्तूल कोणाच्या हातात आहे, ते आठवा. मुलाच्या आयुष्याचा शेवट आई करते. कथेतली सगळ्यात अवघड कृती जिच्या वाट्याला आहे, तिला साहाय्यक म्हणायचं, आणि त्या विभागातही मागे ठेवायचं. रीमाताई २०१७ मध्ये गेल्या. त्यांची नाटकं ज्यांनी पाहिली आहेत अशी माणसं या सभागृहात आहेत, समोरच्या रांगेत दोन-तीन तरी आम्हाला दिसतात. त्यांनी आता जाताना शेजारच्या तरुण मंडळींना काय पाहिलं ते सांगावं. गाडीला अजून वेळ आहे.